सीमेवरचा फराळ
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गेली नऊ वर्षे आपल्या मंडळातर्फे सीमेवरील जवानांस दिवाळीचा फराळ धाडला जातो. यंदाच्या कार्यास आरंभ होण्यापूर्वी त्याविषयी दोन शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. आम्ही जन्मभर शाळेत मुले शिकविली. तेव्हा उजळणी घेण्याची आमची खोड श्रोत्यांनी सोसून घ्यावी.

ही प्रथा काही नवी नव्हे. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या नाताळासाठी, इंग्लंडची राजकन्या मेरी हिच्या नावाने निधी जमवून सैनिकांस पितळी डब्या वाटण्यात आल्या. गोऱ्या शिपायांस तंबाखू मिळाली. शीख शिपायांस मात्र तंबाखू वगळून खडीसाखर व मसाल्याची डबी देण्यात आली. राज्य परक्यांचे होते, तरी घेणाऱ्याचा आचार काय, हे त्यांनी आधी पाहिले. पुढे २० ऑक्टोबर १९६२ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, चीनने आक्रमण केले. तेव्हा देशभर मायभगिनींनी जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणले आणि अंगावरचे सोने संरक्षण निधीत घातले. सणाच्या दिवसांत सैनिकाची आठवण ठेवणे, हे त्या पिढीने आपल्याला शिकविले.

आता कामाच्या गोष्टी. ओल्या नारळाच्या करंज्या कितीही रुचकर असल्या तरी पेटीत घालू नयेत. त्या वाटेतच आंबतात. शंकरपाळे, बेसनाचे लाडू व भाजक्या पोह्यांचा चिवडा टिकतो. चकली डब्यात मोकळी राहिली की तिचा चुरा होतो. म्हणून मधल्या फटी कागदाने भराव्यात. मुले हौसेने फुलबाज्या आणून देतात; त्या काढून ठेवाव्यात, कारण ज्वालाग्राही वस्तू टपालाने पाठविता येत नाहीत. पत्त्यावर गावाचे नाव नसते. तुकडीचे नाव आणि ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ असे लिहावयाचे; पुढचा मार्ग सेनेच्या टपाल खात्यास ठाऊक असतो. डोंगराळ मुलखात हवामानापुढे कोणाचे चालत नाही. हिवाळ्यात झोजीलाची वाट बर्फाने बंद पडते. यास्तव पेट्या दिवाळीच्या महिनाभर आधी रवाना झाल्याच पाहिजेत.

याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. काही बंधूंनी अशी सूचना केली आहे की, निधी आपल्या ज्ञातीचा आहे, तेव्हा पेट्या ज्ञातीच्याच जवानांस नावानिशी जाव्यात. त्यांच्या मनात द्वेष नाही, आपल्या मुलांविषयी माया आहे, हे आम्ही जाणतो. तथापि ही सूचना मान्य होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरचा मुलगा सैन्यात आहे त्यांना विचारावे. बराकीत पेटी उघडली की ती एकट्याची राहत नाही. पंजाबचा, केरळचा, नागालँडचा गडी एकाच डब्यात हात घालतो. १९४१ साली उभी राहिलेली महार रेजिमेंट घ्या. तिच्या नावात एका ज्ञातीचा उल्लेख आहे, परंतु तिच्यात आज सर्व जातींचे व प्रांतांचे जवान आहेत. जेथे ते एका खंदकात राहतात, तेथे आपण लाडवांची वाटणी जातवार करावी, हे शोभणारे नाही. आपल्या मुलांची नावे मंडळाकडे अवश्य नोंदवावीत. त्यांच्या तुकड्यांचे पत्ते त्यावरूनच मिळतात. पेटी मात्र संपूर्ण तुकडीच्या नावे जावी.

मग ज्ञातीचे म्हणून काही कर्तव्य नाही काय? आहे, आणि ते अधिक कठीण आहे. आपल्यातील ज्या घरचा मुलगा कामी आला, त्या घरी दिवाळीत कोण जाते? पेटी धाडणे सोपे; त्या आईसमोर जाऊन बसणे अवघड. निवृत्तिवेतनाचे कागद अडले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिच्याबरोबर कोणी जावे, हे मंडळाने ठरवावे. दरसाल ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन येतो. त्या दिवशी केवळ कागदी ध्वज छातीवर लावून आपली सुटका होत नाही.

शेवटी बालमित्रांस एक विनंती. प्रत्येक पेटीत तुमच्या हातचे एक पत्र असू द्या. ‘शूर वीरा’ असली भारदस्त वाक्ये पुस्तकातून उतरवू नका. गावात पाऊस किती झाला, नदीला पाणी आहे की नाही, शाळेत काय चालले आहे, ते लिहा. घरापासून दूर असलेल्या माणसास हेच वाचावयाचे असते. अक्षर मात्र सुवाच्य काढा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.