आक्षेपाला सुरांचे उत्तर



हजरजबाबीपणा म्हटला की आपल्याला शब्दांची चकमक आठवते. समोरच्याने टोला हाणावा आणि आपण तो तत्काळ परतवावा, ही आपली त्याविषयीची कल्पना. परंतु काही माणसांचा हजरजबाबीपणा जिभेवर नसतो, तो त्यांच्या कलेत असतो. मराठी संगीत रंगभूमीचे थोर संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे त्यांपैकी एक. ‘हे जमणार नाही’ या वाक्याला त्यांनी आयुष्यभर एकच उत्तर दिले : करून दाखविले.

१८९८ साली देवाची आळंदी येथे जन्मलेला हा मुलगा बालनट म्हणून रंगभूमीवर आला. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्यासारखा गुरू त्याला लाभला आणि पुढे गंधर्व नाटक मंडळीत नट, गायक आणि संगीतकार अशा तिन्ही नात्यांनी त्याने सेवा केली. १९३१ च्या ‘कान्होपात्रा’ नाटकाचे संगीत त्यांचेच. भक्ती आणि नाट्य यांचा असा मिलाफ त्यांनी साधला की त्या चाली नाट्यगृहातून थेट देवघरात गेल्या.

त्याच सुमारास बोलपट आला. नाटक मंडळ्या एकामागून एक कर्जात बुडाल्या. रात्रभर चालणारी नाटके आणि ‘वन्समोअर’वर लांबत जाणारी पदे यांचा काळ सरला. संगीत नाटक आता संपले, असे जाणकारही म्हणू लागले. मास्टरांनी या बदलाविरुद्ध आक्रोश केला नाही. ते स्वतः ‘प्रभात’मध्ये गेले, ‘धर्मात्मा’पासून ‘शेजारी’पर्यंत अनेक बोलपटांना संगीत दिले आणि थोडक्या वेळात भाव कसा उभा करावा, ही विद्या आत्मसात केली. तीच विद्या घेऊन ते १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’साठी रंगभूमीवर परतले. नाटक घरगुती, पदे मोजकी, ताना बेताच्या. आणि ज्योत्स्नाबाई भोळे यांच्या गळ्यातून ती पदे घरोघरी पोहोचली. प्रतिस्पर्ध्याच्या घरी जाऊन त्याचेच शस्त्र आणावे आणि आपले घर सावरावे, याहून मार्मिक उत्तर कोणते असणार?

त्यांची खरी कसोटी मात्र ‘वंदे मातरम्’ने पाहिली. या गीतासाठी त्यांनी झिंझोटी रागाच्या आधारे चाल बांधली होती. परकीय सत्तेच्या काळात मुंबईच्या नभोवाणीवर त्यांनी हे गीत आळवताच प्रक्षेपण तोडले गेले. मास्टरांनी त्या माध्यमाकडे पाठ फिरविली. कलावंताला प्रसिद्धीची केवढी ओढ असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या त्यागाचे मोल कळते.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रगीताचा प्रश्न आला. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी घटना समितीत केलेल्या निवेदनाचा आशय असा होता की, ‘वंदे मातरम्’चे सौंदर्य आणि इतिहास मान्य असला, तरी वाद्यवृंदावर वाजविण्यास ते सोयीचे नाही. आक्षेप तांत्रिक होता. मास्टरांनी त्याला उत्तरही तंत्रानेच दिले. ‘हा अन्याय आहे’ अशी पत्रके काढत ते बसले नाहीत. आपल्या संगीतातील मींड बँडच्या वाद्यांवर उतरत नाही, हे त्यांनी ओळखले. समूहाला सहज गाता येईल, पावलाला ठेका देईल, अशी रचना त्यांनी सिद्ध केली, बँडच्या जाणकारांचे साहाय्य घेतले आणि दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांसमोर ती प्रत्यक्ष सादर केली.

तरीही निर्णय अनुकूल लागला नाही. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून घोषित केले आणि स्वातंत्र्यलढ्यातील ऐतिहासिक कार्यामुळे ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान राहील, असे सांगितले. मास्टरांचे स्वप्न पूर्णांशाने साकार झाले नाही. पण त्यांची साधना कडवटपणात बुडाली नाही. १९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेनुसार त्यांनी बुद्धवंदनेला स्वरसाज चढविला. भाषा पाली, परंपरा वेगळी. पण ज्या निष्ठेने मातृभूमीचे गीत बांधले, त्याच निष्ठेने त्यांनी हेही कार्य केले. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९७४ मध्ये त्यांचे देहावसान झाले.

२०२५ मध्ये ‘वंदे मातरम्’च्या निर्मितीला दीडशे वर्षे पूर्ण झाली. या गीताविषयी आपल्या बैठकांत तावातावाने बोलले जाते. आक्षेप कोणी घेतला, केव्हा घेतला, याची यादी आपल्याला मुखोद्गत असते. पण कार्यक्रमाच्या अखेरीस प्रत्यक्ष गीत सुरू झाले की काय होते? पहिल्या कडव्यानंतर अर्धे ओठ मिटतात, स्वर चार दिशांना जातात आणि कोणीतरी घाईने ध्वनिमुद्रिका लावतो. आक्षेपांची यादी पाठ आणि चाल मात्र अपाठ, ही आपल्या निष्ठेची उणीव नव्हे काय?

मास्टर कृष्णरावांच्या शहाणपणाचे सार इथेच आहे. ज्या गोष्टीवर आपली श्रद्धा आहे, ती इतकी निर्दोष करून दाखवावी की आक्षेपाला जागाच उरू नये. निकाल आपल्या हाती नसतो. तालीम मात्र आपल्याच हाती असते. तेव्हा पुढच्या एकत्रीकरणापूर्वी प्रत्येक घरात एक संध्याकाळ तरी ही तालीम व्हावी. मास्टरांना याहून सुरेल आदरांजली दुसरी नाही.