बहात्तराव्या वर्षी हाती घेतलेली कात्री

(वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेपुढे दिलेले भाषण)



गौरी-गणपतीच्या मखरासाठी दुमडलेल्या कागदातून जाळी कातरणारी आजी आपल्यापैकी अनेकांच्या घरी होऊन गेली आहे. त्या कामाला आपण हौस म्हणतो. कला म्हणण्याचे आपल्या मनात येत नाही. म्हणूनच कात्री आणि कागद एवढ्याच साधनांवर जगात नाव मिळविलेल्या एका वृद्ध स्त्रीची हकीकत आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. तिचे नाव मेरी डिलेनी.

तिचा जन्म १७०० साली इंग्लंडात झाला. सतराव्या वर्षी तिच्या उमराव चुलत्याने तिला साठीच्या घरातल्या एका जमीनदाराच्या गळ्यात बांधले. आपल्याकडे देवलांच्या ‘शारदा’ नाटकाने १८९९ साली ज्या चालीवर कोरडे ओढले, तीच ही चाल. उमरावांच्या वाड्यांतूनही ती सुखेनैव नांदत होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सात वर्षांत मेरीला वैधव्य आले. पुढे १७४३ साली माहेरची नाराजी पत्करून तिने डब्लिनचे धर्मोपदेशक पॅट्रिक डिलेनी यांच्याशी विवाह केला. हा संसार सुखाचा झाला. भरतकाम, चित्रकला, शिंपल्यांची नक्षी, बागकाम यांत तिचा हात सतत चालू असे. १७६८ साली तेही निवर्तले, आणि अडुसष्टाव्या वर्षी ही बाई पुन्हा एकटी उरली.

या वयात माणसाने काय करावे, याविषयी तिकडचा समाज आपल्यापेक्षा फारसा निराळा नव्हता. पण पोर्टलंडची डचेस ही तिची जिवलग मैत्रीण वनस्पतींची मोठी शोधक होती. तिच्या बुलस्ट्रोड येथील वाड्यात मेरीचे दीर्घ वास्तव्य असे. तेथे १७७२ साली एके दिवशी तिच्या दृष्टीस पडले की, जवळच्या चिनी कागदाचा तांबडा रंग आणि शेजारच्या जिरेनियमच्या पाकळीचा रंग अगदी एक आहे. तिने कात्री घेतली आणि पाकळ्या कातरल्या. डचेस आत आली, तिला त्या खऱ्याच वाटल्या!

येथून पुढचे काम मात्र हौसेचे नव्हे. फूल समोर ठेवायचे, त्यातले केसर मोजायचे, आणि रेखाटन न करता थेट कातरायचे. पाकळीवरील छाया दाखवावयाची तर गडद कागदावर फिका, त्यावर आणखी फिका, असे केसासारखे बारीक तुकडे एकावर एक चिकटवावयाचे. पार्श्वभूमी काळ्याभोर कागदाची. त्यामुळे फूल अंधारातून उजेडात आल्यासारखे दिसते. कृष्णकमळाच्या जातीच्या एका फुलात तिने दोनशेहून अधिक पाकळ्या बसविल्या आहेत. कोठे रंगाचा हलका हात, तर क्वचित एखादे खरे वाळलेले पानही. लिनियसच्या वर्गीकरणाचा तिचा अभ्यास असल्याने वनस्पतिशास्त्रज्ञही ही चित्रे आदराने पाहत. पुढे राजा तिसरा जॉर्ज याच्या आज्ञेने क्यूच्या बागेतून तिच्याकडे रोपे येऊ लागली.

तिच्या स्फूर्तीची साधने इतकी जवळची होती: मैत्रिणीची बाग, कोणी आणून दिलेली फांदी, कुंडीतले रोप. तिचा संकल्प हजार फुलांचा होता. १७८२ च्या सुमारास डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा ९८५ फुले झाली होती. १७८८ साली ती वारली. ते दहा खंड १८९७ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

आपण सत्तरी गाठलेल्या भगिनींना व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ देतो. ते देऊ नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु हस्तकलेच्या प्रदर्शनात मात्र विद्यार्थिनी आणि तरुण गृहिणी एवढ्यांनाच आपण बोलावतो, हे आम्हाला खटकते. कार्यकारिणीने पुढील वर्षी वयाची ही अट काढावी.

आणखी एक. मेरी प्रत्येक चित्राच्या मागे फुलाचे नाव, तारीख, ठिकाण आणि ते रोप कोणी दिले त्याचे नाव लिहून ठेवीत असे. आपल्या आज्यांच्या जाळ्या उत्सव सरला की फाडून टाकल्या गेल्या. आता ज्या घरी असा एखादा नमुना ट्रंकेत उरला असेल, त्यांनी तो मागे बाईंचे नाव, गाव व साल लिहून संस्थेच्या कचेरीत आणून द्यावा.