धर्म बदलला, जात राहिली. मग आशा कुठे सापडली?

(पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. नगर जिल्ह्यातल्या दलित ख्रिस्ती घरातली मी पहिली पदवीधर. चळवळीतले मित्र मला दोन प्रश्न नेहमी विचारतात. ख्रिस्ती होऊन तुमची जात गेली का? गेली नसेल, तर तुम्ही अजून चर्चमध्ये का जाता? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. कुणाला धर्म बदला असं सांगायला मी इथे आलेली नाही. या दोन प्रश्नांना उत्तर द्यायला आले आहे.

सुरुवात मुक्ता साळवेपासून करू. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 1855 मध्ये मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही, मग आमचा धर्म तरी कोणता, असं तिनं देवालाच विचारलं होतं.

पुढे 1876-78 चा दुष्काळ पडला. त्यानंतर नगर जिल्ह्यात महार कुटुंबं मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाली. ‘भाकरीसाठी बाटले’ असं त्यांना हिणवलं गेलं. मला त्याची लाज वाटत नाही. भुकेल्याला भाकरी देणारा आणि त्याच्या पोरांना शाळेत बसवणारा देव जवळचा वाटला, तर त्यात खोटं काय? शिवाय प्रश्न फक्त भाकरीचा नव्हता. प्रभुभोजनात एकच भाकर मोडून सगळ्यांनी खायची असते. ज्यांना पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते, त्यांच्यासाठी एका पंगतीत बसणं हीच मोठी गोष्ट होती.

पण त्या पंगतीतही जात येऊन बसली. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत दलित आणि दलितेतर कॅथलिकांच्या कबरींमध्ये भिंत बांधलेली आहे. मेल्यावरही वेगळं! केरळमध्ये पोयकयिल योहन्नान यांनी चर्चमधल्या जातिभेदाला कंटाळून वेगळी वाट धरली आणि स्वतःची सभा उभी केली. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनंही 2016 च्या धोरणपत्रात चर्चमधल्या जातिभेदाची कबुली दिली. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे : नाही, जात गेली नाही.

सरकार मात्र ती गेली असं धरून चालतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. हे धर्माचं बंधन काढावं, अशी शिफारस रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 मध्ये केली होती. महाराष्ट्रात आमची गणना ओबीसींत होते. वस्तीवर हल्ला झाला, तर ॲट्रॉसिटीचा कायदाही आम्हाला लागू होत नाही. गाव आम्हाला महारवाड्यातले म्हणूनच ओळखतं, आणि कागद म्हणतो, तुम्ही ते नाहीच. आरक्षणातला वाटा कमी होईल, ही अनेक मित्रांची भीती मला समजते. त्यावर उघड बोलू या. एकमेकांचे वैरी होऊ नये.

आता दुसरा प्रश्न. 2021 च्या दुसऱ्या लाटेत माझे वडील गेले. फेलोशिप रखडली होती, वसतिगृह बंद होतं. विद्यापीठात मी गेले का राहिले, कुणाला पत्ता नव्हता. आमच्या मंडळीतल्या बाया मात्र रोज संध्याकाळी फोन करत. प्रार्थनेत आईचं, माझं, धाकट्या भावाचं नाव घेत. लॉकडाऊन उठल्यावर त्या पीठ घेऊन दारात आल्या. त्यांतल्या निम्म्या शेतमजूर. दुःख कमी झालं नाही, पण ते माझ्या एकटीचं राहिलं नाही. माझ्यासाठी आशा म्हणजे एवढंच : कुणीतरी आपलं नाव विसरलेलं नाही.

मराठी दलित ख्रिस्ती घरातल्या अरविंद निर्मळ यांनी 1981 मध्ये बंगळुरूत प्रश्न मांडला होता : भारतातलं ख्रिस्ती धर्मचिंतन उच्चवर्णीयांच्याच विचारांवर का उभं आहे? दलितांच्या वेदनेतून ते नव्यानं उभं राहावं, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याकडून मी एक शिकले. श्रद्धा ठेवायची म्हणजे गप्प बसायचं, असं नाही. ज्या येशूला गावाबाहेर नेऊन मारलं, त्याचं नाव घेऊन दफनभूमीत भिंत बांधता येत नाही, हे चर्चला सांगण्याचा हक्क आमचा आहे. म्हणून मी चर्चमध्ये जाते.

बाबासाहेबांनी 1956 मध्ये दाखवलेली वाट तुमच्यापैकी अनेकांची आहे. तिचा मला आदर आहे. तुमच्या विहारात, मंडळीत, अभ्यास मंडळात जाल, तेव्हा दोन गोष्टी बघा. तिथे जातीबद्दल मोकळेपणानं बोलता येतं का? आणि तुम्ही आठ दिवस दिसला नाहीत, तर कुणी चौकशी करतं का? घरापासून लांब शिकणाऱ्या आपल्या पोरांना या दोन्हींची गरज आहे. जिथे ते नसेल, तिथे ते आपणच सुरू करायचं. आज इथून जाताना शेजारी बसलेल्याचा नंबर घेऊन जा.

जय भीम.