पहिल्या केमोची पिशवी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आपल्या मराठीत 'सोशिक' हा शब्द कौतुकाचा आहे. सून सोशिक निघाली की सासर खूश, बैल सोशिक निघाला की मालक खूश. काही दुखलं-खुपलं तरी 'होईल बरं' म्हणून गप्प बसणारा माणूस आपल्याला शहाणा वाटतो. आज मी ज्या जागेविषयी बोलणार आहे, तिथे मात्र हा गुण उपयोगाचा नाही. ती जागा म्हणजे इस्पितळातली केमोथेरपीची खुर्ची.

मी काही डॉक्टर नव्हे. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण माझ्या थोरल्या बहिणीबरोबर, आपाबरोबर, मी या खोलीत दिवसच्या दिवस बसलो आहे. तिथले डॉक्टर, सिस्टर आणि शेजारच्या खुर्च्यांवरचे रुग्ण यांच्याकडून जे शिकलो, तेच आज सांगतो. पहिल्यांदा केमोला जाणाऱ्याच्या घरी आजाराची, खर्चाची, केस गळण्याची चर्चा पुष्कळ होते. पण तो अख्खा दिवस बसून कसा काढायचा, हे फारसं कुणी बोलत नाही.

पहिला दिवस लांबतो, त्याला कारणं आहेत. आधी रक्त तपासतात. पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तरच पुढे जायचं. उंची आणि वजन घेऊन औषधाची मात्रा ठरवतात आणि त्यानंतर औषध तयार होतं. मग उलटी होऊ नये म्हणून आणि काही औषधांच्या वेळी ॲलर्जी येऊ नये म्हणून आधीची इंजेक्शनं. त्यानंतर खरं औषध. पॅक्लिटॅक्सेलसारखं औषध तीन आठवड्यांच्या अंतराने देतात, तेव्हा त्यालाच सुमारे ३ तास लागतात. सिस्प्लॅटिन असेल तर मूत्रपिंडं जपण्यासाठी आधी आणि नंतर भरपूर सलाइन चढवतात. काही औषधं पहिल्या खेपेला मुद्दाम सावकाश सोडतात, शरीर कसं घेतंय ते पाहत पाहत. तेव्हा 'आमच्याच माणसाला एवढा वेळ का?' म्हणून घाबरू नये. सकाळी ९ ला गेलेला माणूस संध्याकाळी ५ ला बाहेर पडेल, असंच धरून निघावं.

आता पिशवी भरू या. कपडे सैल आणि सुती. बाही कोपराच्या वर सहज जायला हवी. छातीत पोर्ट बसवलेला असेल तर पुढून बटणं असलेला कुडता किंवा ब्लाउज बरा. अंगठ्या आणि बांगड्या घरीच काढून ठेवाव्यात. पायजमा नाडीचा नको, इलॅस्टिकचा हवा. दिवसभर सलाइन चढतं, त्यामुळे लघवीला वरचेवर जावं लागतं आणि एका हाताने सलाइनचा स्टँड ढकलताना दुसऱ्या हाताने नाडी सुटत नाही. खोली एसीची असते, म्हणून शाल आणि पायमोजे हवेत. हात गार पडले की शीर सापडत नाही. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल, तर आदल्या दिवसापासून पाणी चांगलं प्यावं. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी आणि योजनेची कागदपत्रं एका फायलीत ठेवावीत. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी इस्पितळाचा दाखला लागतो, तो आधीच मागून घ्यावा.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगतो. आपल्याकडे प्रेम डब्यातून जातं. 'आज त्याच्या आवडीचं करू या' म्हणून कुणी पुरणपोळी करतं, कुणी बिर्याणी. त्या दिवशी ती नको. १९७८ मध्ये इलीन बर्नस्टीन या अमेरिकी संशोधक बाईंनी केमो घेणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषधाआधी वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम खाल्लेली मुलं पुढे तेच आइस्क्रीम नाकारू लागली. मळमळ औषधाची, पण शरीराने दोष लावला आइस्क्रीमला. म्हणून आवडीचा पदार्थ बऱ्या दिवसांसाठी राखून ठेवावा आणि केमोच्या दिवशी साधं, थोडं थोडं खावं. मऊ भात, इडली, पोहे, सुकी बिस्किटं चालतील. पोट रिकामं ठेवू नये. आषाढी एकादशी असो की रमजान, आजाऱ्याला सूट आहे. रोज्यातून आजारी माणसाला मोकळीक खुद्द कुराणानेच दिली आहे. हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी आपणहून म्हणावं, म्हणजे रुग्णाच्या मनावरचं ओझं उतरतं.

सोबत्यासाठीही एक पथ्य आहे. अत्तर, सेंट, मोगऱ्याचा गजरा घरीच ठेवावा. आमच्या घरात अत्तराशिवाय कुणी बाहेर पडत नाही, पण त्या खोलीत चांगला वासही डोक्यात जातो.

काय नेऊ नये हे सगळ्यांना सारखं लागू नाही. ५-एफयू नावाचं औषध झटक्यात टोचताना काही ठिकाणी तोंडात बर्फाचे तुकडे धरायला देतात, म्हणजे तोंड कमी येतं. ऑक्झॅलिप्लॅटिन घेणाऱ्याला मात्र थंड पाण्याचा घोटही घशात टोचतो आणि गार भांड्याला हात लावला तरी मुंग्या येतात. एकाचा आराम तो दुसऱ्याचा त्रास. म्हणून शेजारच्या खुर्चीची नक्कल न करता आपल्या औषधाचं नाव लिहून घ्यावं आणि 'मला काय चालेल?' असं विचारावं. घरगुती काढे चालू असतील तर तेही लपवू नयेत. विन्क्रिस्टिन हे केमोचं औषध सदाफुलीपासून मिळतं हे खरं, पण म्हणून अंगणातली सदाफुलीची पानं चावायची नसतात.

आता त्या सोशिकपणाकडे येतो. आपाच्या पहिल्या केमोला सलाइन लागून अर्धा तास झाला असेल. मी औषधांच्या खिडकीशी रांगेत होतो. परत आलो तर आपा ओठ मिटून बसलेली. हात आगआग करत होता आणि ती छताकडे पाहत होती. सिस्टर एकटी, खुर्च्या दहा. तिला कशाला हाक मारायची, असा आपाचा हिशेब. मी विचारलं तर म्हणाली, "रहने दे रे, इत्ता तो होताच है." तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरची शेतकरी बाई, जिची ती चौथी खेप होती, मोठ्याने ओरडली, "ओ सिस्टर, ह्या ताईंचा हात बघा आधी!" सिस्टर धावत आली, सलाइन थांबवलं, सुई काढून दुसरीकडे लावली. सुई शिरेतून सरकली होती. तोवर नुसतं सलाइनच चाललं होतं, म्हणून हात थोडा सुजण्यावर निभावलं. काही औषधं अशी असतात की शिरेबाहेर गेली तर आतलं मांस जाळतात. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन हे त्यांतलंच एक.

ती बाई आपाला जे म्हणाली, ते मी जपून ठेवलं आहे. "ताई, घरी सोसा. हितं सोसायचं न्हाई, सांगायचं."

श्रोतेहो, सुईच्या जागी आग, अंगाला खाज, छातीत दडपण, धाप, कंबरेत अचानक कळ किंवा थंडी वाजणं, यांतलं काहीही झालं तर त्याच क्षणी हाक मारायची. सिस्टर कामात असली तरी मारायची. सोबत्याने पेपर वाचावा, डुलकीही काढावी, पण माणसाचा चेहरा वाचता येईल इतक्या जवळ बसावं. 'घाबरू नकोस' हे पन्नासदा म्हणण्यापेक्षा 'हात कसा आहे?' हे दर अर्ध्या तासाने विचारलेलं बरं.

घरी येताना रुग्णाला दुचाकीवर बसवू नये, आधीच्या इंजेक्शनांनी झापड येते. उलट स्टिरॉइडमुळे काहींना त्या रात्री झोपच लागत नाही. तेव्हा शेजारी कुणी जागं असावं. डॉक्सोरुबिसिन घेतलं असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. आणि घरात थर्मामीटर हवाच. केमोनंतर, विशेषतः दुसऱ्या आठवड्यात, पांढऱ्या पेशी कमी होतात. ताप १००.४ फॅरनहाइटपर्यंत गेला तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी इस्पितळाला फोन करायचा. तो नंबर पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा.