मंदावलेला संगणक

सावरगावासारख्या गावी घरचा संगणक मंदावला की मुलांचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो आणि संत्र्याचे पैसे नव्या यंत्रात घालावेत काय, हा विचार सुरू होतो. खर्चाआधी निदान करावे, एवढेच माझे सांगणे आहे.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी भरलेली दिसली, तर संगणकासोबत आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम 'स्टार्टअप' विभागात बंद करावेत. डिस्क सतत शंभर टक्के गुंतलेली असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा. तिची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि माहिती वाचणारा हात ग्रामोफोनसारखा तिच्यावर जागा शोधीत हिंडतो. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. ती बसविली की जुने यंत्रही चपळ होते. मात्र तत्पूर्वी कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवावी.

धुळीने पंखा कोंदला की तापलेला प्रोसेसर आपणहून गती कमी करतो. यंत्र बंद करून, वीज तोडून, मऊ ब्रशने धूळ झाडावी. एवढे करूनही काम अडले, तरच नव्या यंत्राचा विचार करावा.