सायकलच्या सीटवरचे न सांगितलेले दुखणे



वर्धापनदिनानिमित्त सायकलीविषयी चार शब्द बोलावेत, असे कार्यवाहबाईंनी मला सांगितले. सायकलीने वजन आटोक्यात राहते, दम वाढतो, हे मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. पण ते आपण जाणताच. मी बोलणार आहे ते लांबवर सायकल चालवताना बसण्याच्या जागी होणाऱ्या दुखण्याविषयी. मागच्या रांगेत हसू फुटलेले मला ऐकू आले. हसा खुशाल, पण हसून झाले की ऐका, कारण अशा हसण्याच्या भीतीनेच मी एकदा माझी यात्रा अर्धी टाकली.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहाजणी पुण्याहून सायकलीने पंढरपूरला निघालो. अंतर २०० किलोमीटरांहून अधिक, बेत दोन दिवसांचा. भिगवणला पोचेपर्यंत मला बसवेना. इंदापूरच्या मुक्कामी पाहते तो मांडीच्या सांध्यापाशी कातडे सोलवटलेले आणि सीट टेकते तेथे एक केसतूड उठलेले. सांगायचे कोणाला, आणि कोणत्या शब्दांत? मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी टेंभुर्णीला ताप भरला, आणि उरलेला रस्ता मी टेंपोतून, तोही उभ्याने, केला. विठोबाचे दर्शन उभ्यानेच घ्यायचे असते, याचे त्या दिवशी फार बरे वाटले!

परंतु माझी खरी खंत निराळी आहे. आमच्यात एक विशीतली मुलगी होती. तिने यात्रा पुरी केली आणि पंधरा दिवसांत सायकल विकून टाकली. वर्षभराने सहज विषय निघाला तेव्हा म्हणाली, "काकू, मला फार दुखत होतं हो. वाटलं, तुम्हा सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही." इंदापूरच्या खोलीत आम्ही दोघी शेजारी शेजारी झोपलो होतो. मी एक शब्द बोलले असते तरी तिची सायकल राहिली असती.

हे दुखणे काही नाजूकपणाचे नव्हे. फ्रान्समधील 'टूर द फ्रान्स' ही जगातली मोठी सायकल शर्यत. १९८९ साली ३२०० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून लोराँ फिन्यों हा खेळाडू अवघ्या ८ सेकंदांनी ती हरला. अखेरच्या दिवसांत त्यालाही असाच फोड झाला होता. मग आपण लाजावे कशाला?

आता कारणे आणि उपाय. बसताना आपला भार बैठकीच्या दोन हाडांवर पडायला हवा. कठीण पाटावर बसून जरा झुललात की ती लागतात. स्त्रियांमध्ये त्यांतले अंतर बहुधा पुरुषांपेक्षा जास्त असते, म्हणून भावाची किंवा यजमानांची सायकल आपल्याला काचते. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा पायरीवर ठेवून त्यावर थोडा वेळ बसा. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यांतले अंतर मोजा. सीटचा मागचा भाग त्याहून दोनेक सेंटिमीटर तरी रुंद हवा. सीट जितकी मऊ तितकी बरी, हाही एक गैरसमजच. फार मऊ सीटमध्ये हाडे रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. बाजारापुरती ती चालेल, लांबच्या प्रवासाला नाही.

सीट उंच झाली तर कंबर डावीउजवीकडे डोलते आणि कातडी घासते. टाच पेडलवर ठेवून ते सर्वांत खाली न्यावे. पाय तेव्हा जेमतेम सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट पाणसळीने पाहून सपाट ठेवावी. बसल्या जागी मुंग्या आल्या किंवा बधिर वाटले, तर लगेच उतरावे आणि सीट तपासावी.

सायकलीसाठी गादी लावलेली घट्ट चड्डी मिळते. तिच्याखाली दुसरे अंतर्वस्त्र घालू नये. ऐकायला चमत्कारिक वाटते, पण त्याच्या शिवणीच तर काचतात! वरून कुडता घालायला हरकत नाही. घासणाऱ्या जागी आधीच व्हॅसलीन लावावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर पेडलवर उभे राहावे. पाळीच्या दिवसांत पॅडची कड काचते. जिला सोयीचे वाटेल तिने कप वापरून पाहावा. अंतर हळूहळू वाढवावे. आम्ही मात्र एकदम शंभरावर उडी मारली होती.

मुक्कामाला पोचताच ओले कपडे बदलावेत, अंग धुऊन कोरडे करावे. चड्डी रोज धुतलेली हवी. फोड आलाच तर फोडू नये, पिळू नये. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून तीन-चारदा शेकावे आणि बरे होईपर्यंत सायकलीला सुट्टी द्यावी. ताप आला, लाली पसरू लागली, पू झाला किंवा गाठ वाढत चालली, तर डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असणाऱ्या भगिनींनी तर वाटच पाहू नये. मी पाहिली, आणि गळू कापून घ्यावे लागले.

सर्वांत मोठा उपाय बिनखर्चाचा आहे: दुखते असे शेजारणीला सांगणे. त्या मुलीने आता पुन्हा सायकल घेतली आहे. तिच्या सीटची उंची आम्ही दोघींनी मिळून लावली.

सभेनंतर मी चहाच्या टेबलापाशी आहे. पुठ्ठा आणि टेप बरोबर आणली आहे. ज्यांना चारचौघींत विचारायचे नसेल, त्यांनी मला बाजूला घ्यावे.