नोंदवहीचा साक्षीदार



भर समुद्रात नियम मोडला तर पाहायला कोण असतं? कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हा प्रश्न खेकडे धरणाऱ्यांना फार जवळून भिडला. ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर भागात हेकेट सामुद्रधुनी आहे. तिथे पिंजरे तळाशी सोडून बोटी परतायच्या आणि मागाहून भलताच कोणी येऊन ते उपसायचा. १९९०च्या दशकाच्या अखेरीस या चोऱ्यांना कंटाळून मच्छीमारांनीच बोटींवर कॅमेरे बसवून घेतले. पिंजऱ्यांना इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावले. पिंजरा वर ओढला की बिल्ला वाचला जायचा आणि तो कुणाचा हे तिथल्या तिथे नोंदलं जायचं. कॅमेरा मच्छीमाराच्या मुळावर आलेला नाही, त्याने तो मागून घेतला, हे आधी लक्षात घ्या.

कॅमेऱ्याची खरी कसोटी लागली ती याच किनाऱ्यावर गळाने होणाऱ्या तळमासेमारीत. तिथे येलोआय रॉकफिश नावाचा केशरी मासा मिळतो. तो शंभर वर्षांहून अधिक जगू शकतो आणि उशिरा वयात येतो. खोल पाण्यातून वर येताना त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर पडतं. असा मासा परत टाकला तरी बहुतेकदा मरतोच. त्यामुळे किती विकले हे कळून भागत नाही, किती वर आले हे कळायला हवं. पण लहान बोटीवर सरकारी निरीक्षकाला पाठ टेकायलाही जागा नसते आणि त्याचा रोजचा खर्चही झेपत नाही.

मच्छीमारांच्या वेगवेगळ्या गटांचे प्रतिनिधी यावर काही वर्षं एकत्र बसले आणि २००६मध्ये नवी व्यवस्था सुरू झाली. डेकवर कॅमेरे, ठावठिकाणा सांगणारं जीपीएस आणि दोरी ओढणारं यंत्र चालू झाल्याचं ओळखणारा सेन्सर. तांडेल नेहमीसारखी आपली नोंदवही लिहितो. बोट धक्क्याला लागली की माल मोजला जातो. मग चित्रीकरणातला साधारण दहावा हिस्सा चिठ्ठ्या टाकाव्यात तसा निवडला जातो आणि त्यातल्या माशांची मोजणी नोंदवहीशी ताडून पाहिली जाते. आकडे जुळले तर नोंदवहीच प्रमाण. फारच तफावत निघाली तर सगळं चित्रीकरण तपासायचं, आणि त्याचा खर्च बोटमालकाच्या माथी.

मला या रचनेतलं शहाणपण मोठं वाटतं. कॅमेऱ्याने माणसाची जागा घेतली नाही. तांडेलाने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आकड्याला वजन आलं. कुठला दहावा हिस्सा निघेल हे ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक ओढ नीट लिहावी लागते.

न्यूझीलंडने हा प्रयोग किनाऱ्याजवळच्या बोटींवर नेला. २०२४मध्ये तिथल्या मत्स्यखात्याने कॅमेरे बसलेल्या पहिल्या १२७ बोटींचे आकडे मांडले. डॉल्फिन जाळ्यात सापडल्याच्या नोंदी जवळपास सातपट झाल्या होत्या, आणि गळाचं आमिष खायला झेपावणाऱ्या अल्बट्रॉसच्या नोंदी साडेतीनपट. डॉल्फिन एकाएकी जास्त मरू लागले असं यावरून म्हणता येत नाही. इतकी वर्षं कागदावर न उतरलेलं उतरू लागलं, हाच त्याचा सरळ अर्थ. नोंदच नसेल तर त्या जिवाला वाचवायची योजना कशाच्या आधारावर आखणार?

खलाशांची तक्रार मात्र खरी आहे आणि ती ऐकलीच पाहिजे. बोट हे त्यांचं कामाचं ठिकाण आहे, तसं दिवसेंदिवस राहण्याचं घरही आहे. कॅमेऱ्याची नजर मासळी जिथे वर येते आणि निवडली जाते तिथेच राहिली पाहिजे. झोपण्याच्या जागेत, जेवणाच्या जागेत तिचं काही काम नाही. चित्रीकरण कुणाच्या ताब्यात, किती दिवस, हे आधी कागदावर यायला हवं.

जानेवारी २०२५पासून आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही मत्स्यव्यवसाय विभागाचे ड्रोन फिरू लागले आहेत. कुठली बोट कुठे आहे, एलईडी लावून मासेमारी कोण करतंय, हे ड्रोनला वरून टिपता येतं. पण पापलेटची किती पिल्लं जाळ्यात आली आणि किती मेलेली परत फेकली गेली, हे कळायला डेकवरच नजर हवी. ती कधी आणायची ठरली तर सुरुवात मोठ्या पर्ससीन आणि ट्रॉलर बोटींपासून व्हावी, खर्चाचा भार छोट्या होडीवाल्यावर पडू नये, आणि नियमांचा मसुदा लिहिताना वर्सोवा, हर्णै, मालवणचे तांडेल त्या खोलीत बसलेले असावेत.